धैवतातली बकरी

वहिनीच्या आवाजाबद्दल आमच्या गावात दोन मतं होती. एक महिला भजनी मंडळाच्या काकूंचं, दुसरं रोह्यांचं.

काकू मंडळाच्या प्रमुख. पेटी त्यांची, वाजवणाऱ्या त्याच आणि अभंगाची ओळ आधी उचलणाऱ्याही त्याच. वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षी मंडळात बसायला गेली होती. काकूंनी तिचा एक अभंग शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि निकाल दिला, "आवाज चांगला हाये व बाई तुहा, पन वावरातला हाये. देवळात फुटते." वहिनीनं वाद घातला नाही. त्यानंतर तिचं गाणं वावरातच राहिलं. देवळात मंडळ बसलं की ती अंगणात डाळ निवडायला घ्यायची, कारण तिथून देवळातलं स्पष्ट ऐकू येतं. मंडळात बसायची इच्छा तिनं पुन्हा बोलून दाखवली नाही आणि ती इच्छा घरातल्या प्रत्येकाला माहीत होती.

रोह्यांचं मत वेगळं होतं. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे यांचे कळप हरभऱ्यात शिरतात आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. वहिनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून "होऽऽऽ हाऽऽड" म्हणाली की कळप नाल्यापलीकडे जाऊन थांबायचा आणि मागे वळून पाहायचा. दुसऱ्या कुणाच्या ओरडण्याला हा मान नव्हता.

माझ्या मोठ्या भावाचं, म्हणजे दादाचं, रिठदला दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, बॅटरीवर चालणारे फवारणीचे पंप असं काहीही तिथं येतं. काही वर्षांपासून तो जनावरं हाकलायचा भोंगाही बनवतो. एक डबा, त्यात मेमरी कार्ड, बांबूवर बांधलेला स्पीकर. ठरावीक वेळानं आवाज होतो. बाजारातल्या भोंग्यात वाघाची डरकाळी असते. रोह्यांनी ती थोडे दिवस मानली, मग सोडून दिली. तेव्हा दादानं वहिनीचं "होऽऽऽ हाऽऽड" मोबाइलवर घेतलं आणि भोंग्यात भरलं. त्या हंगामात आमचा हरभरा वाचला. पुढच्या हंगामात रोही स्पीकरच्या सावलीत उभे राहून चरताना दिसले.

"तुह्या आवाजाले बी भेत नाहीत आता," दादा जेवताना म्हणाला.

"मी रोज एकच गोष्ट सांगते तं तुमी तरी आयकता काय?" वहिनी म्हणाली. "ते तं जनावर होय."

दादानं हे वाक्य तांत्रिक सूचना म्हणून घेतलं. आवाज रोज तोच नको असेल तर तो बदलता हवा. त्यानं दुकानातल्या लॅपटॉपवर वहिनीची आरोळी वेगवेगळ्या वेगानं चालवली. वेग कमी केला की ती आजारी म्हशीसारखी निघे, वाढवला की खारीसारखी. अशा बऱ्याच आरोळ्या त्यानं कार्डावर घेतल्या आणि तपासण्यासाठी प्रत्येकीला दारावरच्या घंटीचं एक बटण जोडलं. बटणं ओळीत लागली होती. अंगणात बसून तो ती एकामागून एक दाबत गेला आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याच्या हातून आरतीची चाल निघाली. प्रत्येक सुराच्या शेवटी "हाऽऽड" होतं. गल्लीतली कुत्री आधी उभी राहिली, मग निघून गेली. मी त्या दिवशी साप्ताहिक सुट्टीवर अकोल्याहून घरी आलो होतो, त्यामुळे हे पाहिलेलं सांगतोय.

"आरती म्हनता का देवाले हाकलता?" वहिनीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

वाद्य म्हणून ही गोष्ट तिथंच संपली असती. पण त्याच सुमारास उंदरांनी काकूंच्या पेटीचा भाता कुरतडला. दत्तजयंतीचा सप्ताह तोंडावर आला होता आणि बाहेरगावची मंडळं येणार होती. काकू पेटी घेऊन स्वतः आमच्या घरी आल्या.

"शेलूबाजारच्या बाया कीबोर्ड आनून राह्यल्या म्हनते," त्या दादाला म्हणाल्या. "आन् मी हे फाटकं लेकरू मांडीवर घेऊन बसू काय?"

"बिजलीची करून देतो पेटी, काकू."

"वाजन पेटीसारखीच ना?"

"पेटीपेक्षा बरी वाजन."

वहिनी तेव्हा चहा ठेवत होती. दादाच्या डोक्यात काय आहे ते तिला लगेच समजलं. काकू गेल्यावर तिनं एकच अट घातली. आवाज कुणाचा, हे काकूंना सांगायचं नाही.

"काहून नाही सांगायचं?" मी विचारलं.

"त्याहीले आधी पेटी आवडू द्या, भाऊजी."

या वेळी दादानं वेग कमी-जास्त करण्याचा उद्योग केला नाही. खार आणि म्हैस दोन्ही त्याला नको होत्या. त्यानं वहिनीकडून प्रत्येक सूर वेगळा गाऊन घेतला, नुसता "होऽऽऽ", पुढचं "हाऽऽड" वगळून. रेकॉर्डिंग स्वयंपाकघरात झालं, कारण तिला भाकरी टाकून उठायला वेळ नव्हता. निषादाच्या वेळी कुकरची शिट्टी झाली, ती कापता आली. धैवताच्या वेळी, म्हणजे सातातल्या सहाव्या सुराला, अंगणात बांधलेली बकरी ओरडली. दादानं धैवत परत घेतला. बकरी परत ओरडली. इतर सुरांना ती गप्प होती.

"तिले धैवतच आवडते," वहिनी म्हणाली. "राहू द्या आता. भाकर जळून राह्यली."

बकरी राहिली. बारीक होती, मुद्दाम कान दिला तरच कळणारी.

पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली दादानं एक बटण बसवलं, आत सर्किट ठेवलं, बाजूला छोटा स्पीकर, आणि हे सगळं चालवायला फवारणीच्या पंपाची बॅटरी. भात्याची गरज उरली नव्हती, म्हणून तो काढून टाकला. काकूंनी पेटी पाहिली आणि पहिला प्रश्न तोच केला.

"भाता नाई तं मी डाव्या हातानं काय करू?"

"काईच करू नका."

"मंग उजवा चालत नाई."

दादानं बिजागऱ्या लावून नवा भाता बसवून दिला. तो हलायचा, बाकी काही करायचा नाही. काकूंचं समाधान झालं.

त्या आठवड्यात देवळात रोज तालीम झाली. वहिनी अंगणात डाळ निवडत होती. पलीकडून तिचाच आवाज येत होता आणि मंडळ त्याच्या मागे गात होतं. मध्येच काकूंचा शेरा ऐकू आला, "आता कसा सूर देवळातला लागला, पाह्यलं काय व?" वहिनीनं मान वर केली नाही. त्या दिवशीची डाळ तिनं दोनदा निवडली.

तालमीनंतर काकू दादाला म्हणाल्या, "धैवताले जरा भरदारपना हाये. कोन्या कंपनीचा होय आवाज?"

"घरचाच होय," दादा म्हणाला. ते खरंच होतं.

कार्यक्रम सप्ताहाच्या मध्यावर, दुपारी होता. देऊळ भरलेलं. शेलूबाजारच्या मंडळानं झाकण घातलेला कीबोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता आणि तो सगळ्यांना दिसेल अशी व्यवस्था केली होती. आमच्या पेटीची वायर थोडी ढिली होती, ती धरायला कुणीतरी हवं होतं. दादानं ते काम वहिनीला दिलं. म्हणून ती काकूंच्या पाठीमागे, स्पीकरला लागून, बॅटरी मांडीवर घेऊन बसली. मंडळात तिची गणती नव्हती. ती वायर धरणारी होती.

एक गोष्ट आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हती. हरभऱ्यावर घाटेअळी पडली होती आणि सकाळी आमच्या सालदारानं, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्यानं, त्याच बॅटरीवर फवारणी उरकली होती. त्याच्या लेखी ती पंपाचीच बॅटरी. काम झाल्यावर त्यानं ती पुसून जागेवर ठेवली होती.

पहिला अभंग चांगला झाला. दुसऱ्याच्या मध्यात बॅटरीवरचा लाल दिवा लागला आणि विझला. पेटी बंद पडली.

मी खांबाशी उभा होतो. दादानं डोळे मिटलेले मला दिसले. पण सूर थांबला नव्हता. तो त्याच जागेवरून, त्याच पट्टीत, तसाच येत होता. टाळ चालू राहिले, मंडळ चालू राहिलं. वहिनी मान खाली घालून, तोंडाला पदर लावून "होऽऽऽ" गात होती.

काकूंना आधी संशय आला तो धैवतावर. त्यातला नेहमीचा भरदारपणा, म्हणजे बकरी, नव्हती. त्यांनी धैवत पुन्हा दाबला. सूर स्वच्छ. मग त्यांचं बोट चुकून पुढच्या पट्टीवर पडलं आणि सूर मात्र चुकला नाही. त्यांनी भाता थांबवून पाहिला. काही फरक नाही. त्यांनी दोन्ही हात उचलून डोक्यावरचा पदर नीट केला. पेटी वाजत राहिली. शेलूबाजारच्या बायका पुढे झुकल्या.

काकूंनी मान वळवून मागे पाहिलं. वहिनीनं वर पाहिलं नाही, पण तिचे कान लाल झाले होते. त्या क्षणी काकू थांबल्या असत्या तर बाहेरच्या मंडळांसमोर हसं झालं असतं. पेटीचं झालं असतं आणि वहिनीचंही, आणि तिनं नंतर देवळाची पायरी चढली नसती. काकू पुन्हा समोर वळल्या आणि पूर्वीपेक्षा जोरात भाता मारू लागल्या.

पुढची ओळ त्यांनी नेहमीच्या जागेहून वर उचलली, त्यांचा स्वतःचा गळा जिथं पोचत नाही तिथं. अर्ध्यात त्या गप्प झाल्या. शब्द अर्धवट टांगलेले, मंडळ ओळ पुरी व्हायची वाट पाहतंय. वहिनीनं पदर तोंडावरून काढला आणि ओळ शब्दांसह पूर्ण केली. वर, जिथं तो फुटणार होता तिथं, आवाज फुटला नाही.

पेटी शब्द म्हणत नाही, हे देवळात बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. तरीही अभंग संपल्यावर शेलूबाजारची एक बाई दादाजवळ आली आणि तिनं दबक्या आवाजात विचारलं, "दादा, हे पेटी बोलते बी काय? आमाले तशीच पाह्यजे."

काकूंनी पेटी आवरली. मग वहिनीकडे वळल्या.

"बकरी कोनाची होय?"

"आमचीच होय, काकू."

"आन् आवाज?"

"तो बी आमचाच."

"सांगाले काय झालं होतं?"

"तुमी पेटीची तारीफ करून राह्यल्या होत्या. मी काहून मधात बोलू?"

काकूंनी पेटीचं कुलूप लावलं, काढलं, परत लावलं. "देवळात फुटला नाई," त्या म्हणाल्या.

"नाई फुटला."

"येत्या गुरुवारी समोर बस. मांगं बसून माह्या मानीवर गरम गरम श्वास सोडू नोको."

गुरुवारी वहिनी पुढच्या रांगेत, काकूंच्या उजव्या हाताला बसली. नवं लुगडं नेसली होती, आणि ते नेहमीचंच आहे असं सगळ्यांना सांगत होती. काकूंनी ओळ तिला उचलायला दिली. मंडळाचा रिवाज साधा आहे. पुढची बाई जे म्हणेल ते बाकीच्यांनी त्याच चालीत परत म्हणायचं, अर्थाच्या भानगडीत न पडता.

तिसऱ्या कडव्याला एक कुत्रं दारातून आत आलं आणि नैवेद्याच्या ताटाकडे निघालं. वहिनीनं ते पाहिलं. तिनं ताल सोडला नाही, पट्टीही सोडली नाही.

"हाऽऽऽड," ती समेवर म्हणाली.

"हाऽऽऽड," सगळं मंडळ टाळांसह म्हणालं. त्यात काकूंचा आवाज सगळ्यात मोठा होता. कुत्रं बाहेर गेलं. काकूंचं बोट धैवतावर होतं आणि बॅटरी त्या दिवशी भरलेली होती, त्यामुळे शेवटी बकरीही बोलली.