शपथ पाळणारा

दुष्काळात येडशीजवळ खडी फोडायच्या कामावर तो माझ्या शेजारी बसे. मध्येच हातोडा थांबवून विचारी, "मला हाक मारली का?" कुणीच मारलेली नसे. "तुजी सासू बोलावतीया," असं एखादी बाई म्हणे आणि तोही हसे.

संध्याकाळी तो हातभट्टी पिई. मी तेव्हा दारूबंदीची पत्रकं वाटत होतो. गरिबाला दारूच बुडवते, असं मी त्याला तावातावानं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पेल्यावर कानातले आवाज बोलायचे थांबत्यात, भाऊ. लई शिव्या देत्यात मला." मला ती पळवाट वाटली. मी त्याला दारू सोडायची शपथ घ्यायला लावली.

त्यानं ती पाळली. तिसऱ्या दिवशी तो थरथरत, रिकाम्या माळापुढं हात जोडून गयावया करत होता. त्याची बायको आणि मी त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर माझ्यावरच चिडले. "डोक्याचा आजार आधीचा आहे. त्यात उपासमार. औषध कुणी दिलं नाही म्हणून त्यानं दारू धरली. ती अशी एका दिवसात तोडतात का?"

त्याचं काम जाऊ नये म्हणून महिनाभर त्याच्या जागी बायकोनं खडी फोडली. मग तो आला. गोळ्यांनी हात संथ झाले होते, पण डोळे स्थिर होते. मी भीतभीतच विचारलं, "आवाज गेले का?"

"न्हाय. पण आता लांबनं येत्यात. पलीकडच्या रानात कुणी भांडावं, तसं." त्यानं नवा दगड पुढं ओढला. "भांडू द्या. आपल्याला काय त्याचं?"