सरांची लेझीम आणि माझे सांगाडे

देवानं माणसाला कणा दिला तो ताठ ठेवण्यासाठी, ही गोष्ट देवाखालोखाल फक्त माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना ठाऊक आहे. राजुरीचे हे निवृत्त व्यायामशिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरदेवाचे, म्हणजे पोटच्या मुलाचेच, खांदे मागून ओढून सरळ केले होते. आळेफाट्याला एका हमालाला "गुडघ्यातनं वाक, कमरेतनं नको" हे त्यांनी इतकं सविस्तर समजावलं, की तो बिचारा तेवढा वेळ कांद्याची गोणी पाठीवर घेऊन ऐकत उभा राहिला. मी तर पोक काढून बसणारा माणूस. मंचरला घरूनच कॉम्प्युटरची नोकरी करतो. माझ्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर, गळक्या नळाकडे बघताना येतो तसा थकवा येतो.

गेल्या वर्षी थकायची पाळी माझ्यावर आली. गावच्या लेझीम पथकात पहिल्यापासून सरच पुढं. यात्रेच्या तोंडावर पथकात कुजबुज सुरू झाली, की सरांचं पाऊल मागं पडतंय, आता पुढं दुसरा कुणी घ्या. सर सरावाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन एसटीनं थेट माझ्या दारात. "मी मागं नाय, पावणं, ही मंडळी पुढं पळत्यात. तुमचं मशीन माणसाची हाडं मोजतं म्हणला व्हता ना? मोजा. जो चुकंल त्यानं शेवटच्या ओळीत जायचं. शब्द दिलाय समद्यांना."

हाडं मोजण्याची बढाई मीच एका जेवणात मारली होती. प्रत्यक्षात काम भलतं कंटाळवाणं. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत लांबलचक कमांड टाइप करायची. मग एक प्रोग्रॅम व्हिडिओची हजारो चित्रं करतो, दुसरा त्यांत माणसं हुडकतो, तिसरा प्रत्येकाचे खांदे, कोपरं, गुडघे ठिपक्यांनी टिपून रेघांनी जोडतो. सकाळभर मशीन धापा टाकत राहिलं, आणि शेवटी कळलं की मी फाइलच चुकलो: पडद्यावर माझ्या मुलीच्या बारशातल्या बायकांचे सांगाडे पाळणा हलवत होते. दुसऱ्या खेपेला मोबाईलचा व्हिडिओ उभा करायचा राहिला. अख्खं पथक आडवं झालं, आणि मशीनला त्यात एकही माणूस सापडला नाही. सर शेजारच्या स्टुलावर काठीसारखे ताठ. "तुमी वाकून बसताय, मंग ते बी वाकडंच बघणार."

तिसऱ्यांदा जमलं, पण कमांडमध्ये काहीतरी भलतंच पडल्यामुळं मूळ चित्र गळालं आणि नुसत्या रेघांची माणसं उरली. ना चेहरे, ना टोप्या. सराव रिंगणातला, त्यामुळं पुढचा-मागचाही कळेना. सर स्टुलावरून सरकले. "ह्यो गडी बघा. दर खेपेला अर्धा ठेका मागं. डावा गुडघाच वाकंना. लई दिवस झाकला ह्यानं. घाला शेवटच्या ओळीत."

व्हिडिओ मी आधी पाहिला होता. तो गडी कोण, हे मला ठाऊक होतं. मी चहाचं विचारलं.

"आत्ताच झाला की," सर म्हणाले. तेवढ्यात पडद्यावर त्या सांगाड्यानं खेळता खेळता हात लांबवला आणि शेजारच्या सांगाड्याचा खांदा मागं ओढला.

सर म्हणाले, "परत दावा." मी दाखवलं.

"मशीन चुकतं का कवा?"

"पुष्कळदा," मी घाईनं म्हणालो. "सकाळी बारसं पाहिलंत ना."

"ते तुमी चुकला व्हता," सर म्हणाले आणि पिशवी उचलून एसटीला निघाले.

यात्रेत ते शेवटच्या ओळीत उभे होते. खेळताना मधूनच त्यांचा हात शेजाऱ्याच्या खांद्याकडं उठायचा, आणि लेझीम सांभाळत खाली यायचा. गर्दीत त्यांची नजर माझ्यावर पडली, तेव्हा सांगायची वेळ येऊ न देता मी खांदे मागं घेतले. दुखतात फार. पण राजुरीचा फोन आला की अजून मी आधी ताठ होतो, मगच उचलतो.