भविष्यातून घेतलेला भागाकार

आमच्या धाकट्या भागीदाराने आमच्या महूवाल्यांना फसवलं, आणि ते होताना मी समोरच्याच खुर्चीत बसलो होतो. महूवाले म्हणजे आमच्या कंपनीतले सर्वांत जुने प्रोग्रामर. आजोबा फौजेत, वडील फौजेत, आणि हे आमच्याकडे; पहारा द्यायची सवय मात्र घराण्यातून गेली नव्हती. नव्यासाठी जुनं मोडायचं नाही, या एका हट्टापायी त्यांनी मला जेवढं छळलं तेवढं अख्ख्या इंदुरात कोणी छळलं नसेल.

मी राजवाड्याच्या फुटपाथवर कॅल्क्युलेटर विकून वर आलेला माणूस. आता आम्ही पॅथॉलॉजी लॅबना रिपोर्टचं सॉफ्टवेअर देतो. ते कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत लिहिलंय तिची नवी आवृत्ती आली, तेव्हा मी म्हणालो, जुनी सोडा. महूवाले म्हणाले, "भाऊ, हातोदच्या लॅबमधलं मशीन जुनं आहे, तिथलं रक्त जुनं नाही." हातोद म्हणजे इंदुरजवळचं गाव; तिथल्या मशीनवर नवी आवृत्ती चालतच नव्हती. पुढे कित्येक वर्षं त्यांनी प्रत्येक ओळ दोन्ही आवृत्त्यांवर चालेल अशीच लिहिली. माणूसच तसा. मुलीच्या लग्नपत्रिकेत हॉलचा पत्ता रस्त्याच्या नव्या नावाने छापला आणि खाली जुन्या नावाने पुन्हा छापला. हॉल दोन आहेत असं समजून निम्मे पाहुणे भलतीकडेच फिरत राहिले. पगारवाढीच्या बोलणीत तर त्यांनी माझा अपमानच केला. मी घासाघीस करायला बाह्या सरसावून बसलो, तर म्हणतात, "वाढ राहू द्या. तो जुना कॉम्प्युटर तेवढा भंगारात देऊ नका." ज्याला काही नकोच, त्याच्याशी भाव काय करणार?

तो खोका त्यांच्या टेबलावर घरघरत असायचा. प्रत्येक बदल आधी त्याच्यावर चालवून बघायचा, मग नव्यावर. नवी पोरं विचारायची, "अंकल, म्युझियम का टिकट कितने का है?" हे मान वर न करता म्हणायचे, "तेरे लिए फ्री, भिया. बस छूना मत."

लोक पत्राच्या डोक्यावर श्री लिहितात, तशी प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ते एक ओळ लिहीत. तिचा अर्थ, भागाकार भविष्यातून घे. जुनी आवृत्ती भागाकारात अपूर्णांक गिळून टाकायची. पंचवीस भागिले तेरा म्हणजे नुसता एक. ही ओळ वर असली की तीसुद्धा नव्या आवृत्तीसारखं एक पॉइंट ब्याण्णव सांगायची.

मग धाकटा भागीदार आला. गोड बोलला, "सर, आप सब कुछ नए में ले आइए, नया डिपार्टमेंट आपका." महूवाले सहा महिने खपले, सगळं समजावून लिहून दिलं. काम झाल्यावर त्याने त्यांना बाजूला बसवलं, खोका भंगारात घातला आणि पोरांकडून ती ओळ सगळ्या फाइलींतून काढून टाकली. नव्या आवृत्तीत ती लागत नाही म्हणे. हातोदला नवा कॉम्प्युटर पोचायचा होता, त्याआधी बदललेला प्रोग्राम पोचला. जुन्या मशीनवर तो कुरकुर न करता चालला.

तिथे एका बाईंना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. रक्त गोठायला लागलेले सेकंद निरोगी माणसाच्या सेकंदांनी भागायचे. जवळजवळ दोन यायला हवे होते, रिपोर्टवर एक आला. गोळी लागू पडत नाही असं समजून डॉक्टरांनी ती वाढवली. पुढच्या रिपोर्टमध्येही अपूर्णांक गळाला. पुन्हा वाढवली. बाईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, वाचा गेली.

भागीदाराने लॅबवाल्यांना फाइल उघडून दाखवली. लिहिणाऱ्याचं नाव, महूवाले. त्याच आठवड्यात त्यांना घरी पाठवलं.

आता ते दर रविवारी बस पकडून हातोदला जातात आणि त्या बाईंच्या खाटेजवळ बसून येतात. बाईंचा मुलगा त्यांना पाणीसुद्धा विचारत नाही. मी भडकलो, "अहो, त्याला खरं सांगा ना!" तर हळूच म्हणाले, "काय सांगू भाऊ? मशीन बदललं का, एवढं विचारायला मीही गेलो नव्हतो." त्यांच्याशी मी कधीच भांडून जिंकलो नाही.

पण भागीदार, तुझ्याशी भांडेन. ओळ कोणी, कोणाच्या सांगण्यावरून काढली, ते बदलांच्या नोंदीत नावासकट आहे आणि मी ते वाचलंय. चल हातोदला. त्या मुलासमोर उभा राहा आणि महूवाल्यांच्या देखत सांग. माझा वाटा मी सांगेन. आधी तू बोल.