चांदीचा करदोडा

रक्ततपासणीनंतर बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर असावा, अशी शंका निघाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी आधी एमआरआय करायला सांगितलं. त्यात संशयास्पद काही दिसलं, तरच सुई घालून तुकडा घ्यायचा. सुई टळू शकते म्हटल्यावर बाबा मुकुटबनहून खुशीत निघाले.

तिथं मशीनवाल्या ताईंनी अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. घड्याळ निघालं, चष्मा निघाला, पण कमरेचा चांदीचा करदोडा निघेना. आमच्याकडे करदोडा काढतात तो माणूस गेल्यावरच.

"मी जिता आहो अजून!" बाबा गरजले. "नाही काढत!"

मला असा संताप आला, की विचारू नका. गावभर लोकांना तपासण्या करायला लावणारा हाच माणूस! माय मात्र समोरच्या दुकानातून काळा दोरा घेऊन आली.

"आधी हा बांधा, मंग तो काढा. कंबर रिकामी राह्यतच नाही."

बाबांना पटलं. नवा दोरा बांधून ते मशीनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टर हसले. "काही धोका दिसत नाही. सुई नको, अधूनमधून रक्त तपासत राहू."

बाबांनी तिथंच सदरा वर करून दोरा दाखवला. "हाच लाभला मले. आता हाच ठेवतो."

"मंग त्या चांदीचे मी जोडवे करतो," माय म्हणाली. करदोडा तिनं केव्हाच पदराच्या गाठीत बांधला होता.

बाबा डॉक्टरांकडे वळले. "तुमी तं म्हनत होते, काही धोका नाही!"