श्वासाची जागा

माझ्या भाऊजींच्या, म्हणजे ताईच्या यजमानांच्या, दारावर घंटा नाही. पूर्वी होती. तिचा सूर आणि चहाच्या किटलीचा सूर एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून त्यांनी ती उचकटून काढली. तेव्हापासून येणारा माणूस दार ठोठावतो, आणि भाऊजी दार उघडता उघडता त्याचा ताल कुठे चुकला ते सांगतात. अशा माणसाशी ताईने इतकी वर्षं संसार कसा केला, हे मला विचारू नका. मी धाकटी बहीण, लग्न ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं.

भाऊजींचा जन्म गेला एका चर्चमधल्या ऑर्गनपुढे. दोन हात, दोन पाय, सगळे कामाला. हाताखाली पट्ट्यांच्या रांगा, पायाखाली आणखी एक रांग, आणि समोर भिंतभर नळ्या. नळ्यांना वारा पुरवणारा भाता विजेवर चालायचा, त्यामुळे एकदा पट्टी दाबली की बोट उचलेपर्यंत सूर तसूभर हलत नसे. पुढे लाकडी नळ्यांना कीड लागली, ती दुरुस्त करणारा कारागीर मिळेना, आणि त्या जागी बटणांचं एक यंत्र येऊन बसलं. भाऊजींनी यंत्राकडे एकदा पाहिलं, चर्चची किल्ली परत केली आणि घरी आले.

घरी बसलेला नवरा काय चीज असते, ते ताईने अनुभवलं. त्यांनी डब्यांची झाकणं वाजवून बघितली, उंचीप्रमाणे लावली, भांडण झालं, पुन्हा होती तशी लावली. शेवटी मीच म्हटलं, "भाऊजी, डोक्यात एवढं ऑर्गनचं संगीत भरलंय, ते आमच्यासाठी वाटून द्या की."

आमचा वाद्यवृंद लहान आहे. बरोक काळातलं, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत त्या काळच्याच वाद्यांवर वाजवायचं, हा आमचा हट्ट. आतड्याच्या तारांची व्हायोलिनं, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची माझी गांबा, आणि ताईचा ओबो, पिवळसर लाकडाचा, तोंडाशी वेताची रीड लावून फुंकायचा. व्हायोलिन वाजवणारे आमचे प्रमुख, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ऑर्गनवर एकाच माणसाच्या हातापायांत गुंतलेलं संगीत सोडवायचं, कुठला धागा कोणाच्या हाती द्यायचा ते ठरवायचं, जुन्या वाद्यातून जो सूर धड निघत नाही तो टाळायचा, हे काम भाऊजींना झकास जमू लागलं. डब्यांची झाकणं त्यांच्या तावडीतून सुटली. घरात शांतता आली.

यंदा त्यांनी जी रचना घेतली, तिच्यात वर एक संथ चाल एकटीच जाते आणि खाली बाकीच्यांची लगबग चालते. वरची चाल त्यांनी ताईला दिली. "ही तुझ्यासाठीच आहे," एवढंच म्हणाले. बायकोचं कौतुक करायची त्यांची झेप एवढीच, त्यामुळे ताई हरखून गेली. त्या चालीतल्या दोन लांबलचक ओळी त्यांनी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या, मध्ये तुटू नयेत म्हणून. तालमीत ताईने त्या निभावल्या. चेहरा लाल व्हायचा तिचा, पण निभायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आम्ही दगडी सभागृहात वाद्यं जुळवत होतो. भाऊजी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. ते उठून मास्तरांकडे आले. "इथे आवाज फार घुमतोय. जरा सावकाश घ्या, नाहीतर सगळं एकमेकांत कालवलं जाईल." ताई तेव्हा बाहेर रीड भिजवत होती. मास्तरांनी मान डोलावली. मीही डोलावली. आम्ही गजवाली माणसं, गज संपला की परतवायचा. सावकाश काय नि जलद काय.

ओबो वाजवणाऱ्याची अडचण निराळी असते. रीडमधून वारा जेमतेम जातो, त्यामुळे हवा संपत नाही, उलट छातीत साचते, शिळी होते. आधी ती सोडायची, मगच नवी घ्यायची, आणि दोन्हीला क्षणभर मोकळी जागा लागते. त्या संध्याकाळी जोडलेल्या ओळींच्या मध्यावर ताईचा सूर थरथरला, मग चढला, मग बदकासारखा एक आवाज निघाला आणि ओळ तुटली. पुढच्या ओळीला तिने चाल पुन्हा पकडली, पण लोकांच्या कानात राहिलं ते बदकच.

मागच्या खोलीत मास्तर तिच्याशी हळुवारपणे बोलले. "वय कोणाला चुकलंय? पुढच्या कार्यक्रमाला आपण एका तरुण मुलाला बोलावू. तुम्ही जरा विश्रांती घ्या."

"माझंच चुकलं," ताई म्हणाली. "सराव कमी पडला." सराव कमी पडला म्हणे. स्वयंपाक करतानासुद्धा बोटं लाटण्यावर फिरवणारी बाई ती.

भाऊजी तिथेच उभे होते, तिचा कोट हातावर घेऊन. ऐकायला आलेली माणसं आत येऊन त्यांचा हात हातात घेत होती. "तुमची मांडणी अप्रतिम होती हो. ओबोचं तेवढं जरा..." आणि भाऊजी मान हलवत होते. बायकोच्या बाजूने तोंडातून ब्र निघाला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर भाऊजींचं बिनसलं. जेवताना ताटातच बघायचे. कोणी दार ठोठावलं तर ताल न सांगता उघडायचे, हे तर मला अघटितच वाटलं. ताई नव्या रीड तासायला खिडकीशी बसली की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. मी एकदा जिन्यात त्यांना गाठलंच.

"ताईशी बोललात का काही?"

"काय बोलू?" त्यांनी जिन्याच्या कठड्याकडे बघत विचारलं. "मला तिच्याकडे बघवत नाही गं."

मला वाटलं, यांना ताईची लाज वाटते. मी काय वाट्टेल ते बोलले त्यांना. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि खाली निघून गेले.

तालमीची आमची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. पुढच्या तालमीला ताई आली ती आपले स्वरलिपीचे कागद मास्तरांच्या स्वाधीन करायला. तिच्या खुर्चीवर एक चपटी उशी असते, तिनेच शिवलेली. ती उशी उचलून तिने काखेत धरली आणि इकडेतिकडे बघत राहिली, काही विसरलं तर नाही ना म्हणून. भाऊजी दाराशी उभे होते.

मास्तर कागद चाळत म्हणाले, "ही अवघड जागा त्या मुलाला आधीच दाखवून ठेवतो. तरुण फुफ्फुसं आहेत, निभेल."

"नाही निभणार," भाऊजी म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"कोणाचंच निभणार नाही. तिथे श्वासाला जागाच नाही. मी ठेवलेली नाही. ऑर्गनवर मी त्या दोन ओळी कायम जोडूनच वाजवल्या, तशाच लिहून टाकल्या. तिथे भाता होता."

"अहो, पण तालमीत व्यवस्थित व्हायचं," मास्तर म्हणाले.

"तालमीत आपण जलद घ्यायचो, म्हणून ती कशीबशी पोचायची. सभागृहात मी तुम्हाला सावकाश घ्यायला लावलं. तिला सांगितलंसुद्धा नाही."

मास्तर भला माणूस. "होतं असं. तुमच्या लक्षात नाही आलं, एवढंच ना?"

इथे हो म्हणून भाऊजींना सुटता आलं असतं. आम्ही सगळ्यांनी सोडलंही असतं. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते मास्तरांकडे नाही, ताईच्या काखेतल्या उशीकडे बघत होते.

"लक्षात आलं होतं. तिने तिच्या कागदावर श्वासाची खूण केली होती, पेन्सिलीने. ती ओट्याशी होती तेव्हा मी खोडरबर घेऊन पुसली. मला ती ओळ तुटायला नको होती. आणि त्या दिवशी लोक मला शाबासकी देत होते तेव्हा ती म्हणाली सराव कमी पडला, आणि मी मूग गिळून उभा राहिलो. मला माझी लाज वाटते. घरात वावरताना वाटते."

खालच्या दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं. मला जिन्यातलं माझं बोलणं आठवलं आणि मी गांबाच्या खुंट्या उगाच पिळत बसले.

"मला दिसलं होतं," ताई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी खूण नव्हती. म्हटलं, तुम्हाला ओळ अखंड हवी आहे. जमवून बघू."

भाऊजींनी मास्तरांच्या हातून तिचा कागद घेतला, स्टँडवर ठेवला, खिशातून पेन्सिल काढली. त्यांनी ओळीच्या वर एक खूण काढली, स्वल्पविरामाएवढी, नीट, ठळक. मग बाजूला सरकून उभे राहिले. चेहऱ्यावर थोडं हलकं झाल्यासारखं दिसलं. मलाही वाटलं, चला, मिटलं.

ताईने चष्मा लावला आणि वाकून बघितलं.

"इथे नव्हती."

"मग?"

"एक सूर आधी. इथे श्वास घेतला तर पुढचा सूर उचलताच येत नाही." ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, खरोखर कळत नसल्यासारखी. "पुसताना तुम्ही बघितलंसुद्धा नाही का, कुठे होती ते?"

भाऊजींनी नव्हतं बघितलं. ज्या माणसाला किटलीचा सूर वर्षानुवर्षं लक्षात राहतो, त्याला बायको श्वास कुठे घेते हे ठाऊक नव्हतं, आणि हे आता खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. मघाचा कबुलीजबाब त्यांनी मान वर करून दिला होता. आता मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हळूच म्हणाले, "नाही."

ताईने त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली, एक सूर आधी आपली खूण केली, उशी खुर्चीवर टाकली आणि बसली. "सावकाशच घ्या," ती मास्तरांना म्हणाली. मास्तर म्हणाले, त्या मुलाला मी येऊ नको म्हणून कळवतो, आणि व्हायोलिन खांद्याला लावलं.

आम्ही वाजवलं. तिच्या खुणेपाशी ओळ तुटली, तिने हवा सोडली, नवी घेतली आणि पुढे गेली.

भाऊजींनी काढलेली खूण अजून त्या कागदावर आहे. ती चुकीची आहे हे त्यांना माहीत आहे, पण त्या कागदाला खोडरबर लावायची त्यांची हिंमत होत नाही, आणि ताई ती पुसत नाही. वाजवताना ती नुसती ओलांडून जाते.