मच्छरांची मय्यत

जपानी जाहिरातींवर माझा लहानपणी फार राग होता. अब्बा दोन वर्षांनी एकदा सौदीतल्या जुबैलहून रत्नागिरीला यायचे, जेमतेम दोन महिने राहायचे, आणि त्यातली निम्मी दुपार अंगणात जपानी जाहिरातींची नक्कल करण्यात घालवायचे. बाकीच्यांचे वडील शाळेत येऊन बाईंना भेटायचे. माझे वडील कोट उलटा घालून शेवयांच्या वाडग्यासमोर गुडघे टेकून रडायचे.

ते जुबैलला एका जपानी कंत्राटदाराच्या कॅम्पवर बस चालवत. त्या काळी कॅम्पच्या कॅन्टीनमध्ये जपानहून टीव्हीवरचे कार्यक्रम कॅसेटवर भरून येत, मधल्या जाहिरातींसकट. जाहिराती लागल्या की जपानी लोक सिगारेट ओढायला उठायचे आणि अब्बा पुढच्या खुर्चीवर सरकायचे. भाषा कळत नव्हती, आणि कळायची गरजही नव्हती. फ्रिजला कमरेत वाकून सलाम करणारं अख्खं ऑफिस, साबणाच्या फेसात हरवलेला नवरा आणि त्याला चिमट्याने शोधणारी बायको, असलं सगळं ते डोक्यात भरून घरी आणत. आम्हां भावंडांना सौदी म्हणजे एवढंच माहीत होतं.

सगळ्यात लाडकी होती मच्छरांची मय्यत. मच्छर अगरबत्तीची जाहिरात. काळे कोट घातलेले मच्छर रांगेत गुडघ्यांवर बसलेत, समोर मेलेल्या बाप मच्छराचा फोटो, विधवा मच्छरीण नाकातून गुंगुं करत रडतेय. तेवढ्यात कोपऱ्यातून धूर येतो आणि रडणारे एकेक करून आडवे होतात. अब्बा विधवा व्हायचे, अम्माची ओढणी डोक्यावरून घेऊन. मग स्वतःच मेलेले मच्छर होऊन पायरीवर पसरायचे. आम्ही श्वास रोखून थांबायचो. बराच वेळ गेला की ते ताडकन उठायचे आणि ओरडायचे, ‘‘यल्ला, जेवायला चला!’’ आम्हाला सगळी मजा त्या उठण्यात वाटायची.

पुढे मीही जुबैललाच आलो. अब्बा निवृत्त होऊन घरी गेले आणि मी त्यांच्या जागी सौदीत, आमच्या गावात हे असंच चालतं. मी प्लान्टवर उंच पाइपांवरची मीटरं दुरुस्त करतो. मागच्या वर्षी अब्बांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. तेव्हा मी मोबाईलवर जुन्या जपानी जाहिराती शोधून त्यांना रोज एक पाठवायला लागलो. डाव्या अंगठ्याने ते तीन हसरे चेहरे पाठवत. बोलणं म्हणाल तर आमच्यात तेवढंच उरलं होतं, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा ते जास्त होतं.

एकदा व्हिडिओ कॉलवर अम्माने फोन त्यांच्यासमोर धरला होता. त्यांनी डाव्या हाताने चादर डोक्यावर ओढली आणि नाकातून गुंगुं केलं. मला लगेच कळलं. त्यांना ती हवी होती.

दोन महिने शोधली, सापडेना. जपानी येत नसताना शोधणार तरी काय? मग प्लान्टचं शटडाऊन लागलं. मोठी दुरुस्ती, बारा तासांची ड्युटी, रजा बंद. त्या कामासाठी जपानहून एक वयस्कर इंजिनीयर आला होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्यासमोर ती मय्यत करून दाखवली. गुडघ्यांवर बसलो, फोटोसमोर वाकलो, नाकातून रडलो. त्याला आधी वाटलं माझं कोणी गेलंय. त्याने जेवण बाजूला सारून मान खाली घातली. मी धुरापर्यंत पोचलो तेव्हा तो टेबल बडवून हसायला लागला. लहानपणी त्यानेही ती पाहिली होती. तीन दिवसांनी, बुधवारी, त्याने ती कुठूनतरी शोधून माझ्या मोबाईलवर टाकली.

मी उभ्याउभ्याच अब्बांना पाठवली. कधी नव्हे ते उत्तर यायला तास लागला. मग आले, तीन हसरे चेहरे. मी इंजिनीयरला दाखवले. त्याने वाकून माझं अभिनंदन केलं. एवढा आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

त्यानंतरही रोज जाहिरात जायची आणि रोज चेहरे यायचे. फोन केला की अम्मा म्हणायची, आत्ताच त्यांचा डोळा लागलाय. इथे माझ्या खोलीत राहणारे गाववाले अचानक माझा चहा करायला लागले, माझी कपड्यांची पाळीही त्यांनीच घेतली. मला वाटलं, शटडाऊनमुळे दमलेला दिसतो म्हणून.

शटडाऊन संपायच्या सुमारास बहिणीचा फोन आला. अब्बांची तब्येत जरा बरी नाही, जमलं तर येऊन जा. आमच्याकडे परदेशातल्या माणसाला मरणाची खबर फोनवर देत नाहीत. ‘जरा बरी नाही’ म्हणतात आणि घरी बोलावतात. हे वाक्य मी स्वतः दोघांना ऐकवलेलं आहे. एकाला तर विमानतळावर सोडताना हसतमुखाने. तरी मला कळलं नाही. चेहरे येत होते ना.

दारात अम्मा उभी होती. हातात बांगड्या नव्हत्या. मी बॅग तिथेच टाकली.

अब्बा सोमवारी सकाळी गेले होते. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. मी मय्यत पाठवली त्यानंतर दोन दिवसांनी, बुधवारी.

मी खूप बोललो. बहिणीला बोललो, खोलीतल्या गाववाल्यांना फोन करून बोललो. मला राग कशाचा होता हेही नीट सांगता येत नव्हतं. मातीला हात लावायला मिळाला नाही याचा होताच. पण मेलेल्या बापाला मी मय्यतीचा विनोद पाठवला आणि माझ्याच घरातून कोणीतरी त्यावर हसलं, हे मला सहन होत नव्हतं. ते चेहरे कोणी पाठवले, असं मी विचारलं.

‘‘मी,’’ अम्मा म्हणाली. ‘‘तू उंचावर काम करतोस. खबर ऐकून पाय घसरला असता तर एका आठवड्यात दोन मय्यती काढल्या असत्या मी?’’

ती इद्दतीत होती, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. अब्बांच्या पलंगाच्या कडेला बसून तिने उशीखालून त्यांचा मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. एकदा लाव, म्हणाली. मी लावली. काळे कोट, फोटो, गुंगुं, धूर. शेवटी अगरबत्तीचं खोकं आलं आणि जाहिरात संपली. आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो.

‘‘ह्याच्यात तो उठत नाय रे,’’ अम्मा म्हणाली. ‘‘त्या दिवशी मी तीनदा लावून पायली. वाटला, पुढे असेल.’’