बुधवारची मंडळी

डोणगावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आशाबाईंचा फोन त्या सोमवारी चार्जिंगला लावलेला घरीच राहिला, म्हणून तो त्यांच्या सासूने, सरस्वतीबाईंनी उचलला.

"मेहकरहून बोलतेय," पलीकडून एक बाई म्हणाली. "बुधवारी संध्याकाळी मंडळी तुमच्याकडे आली तर चालेल का?"

नात योगिनी चोविशीत होती आणि मेहकरचं एक स्थळ महिनाभर 'कळवतो' म्हणत होतं. म्हातारीला आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही. "चालेल काय बाप्पा, या ना! वाटच पाहून राह्यलो आमी."

चर्चची माणसं आपल्या समुदायाला मंडळी म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या घरात चर्चचा विषयच निघत नसे.

सहा वर्षांपूर्वी आशाबाईंचा नवरा गोकुळ दवाखान्यात होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला येणारी वंदना, मेहकरच्या चर्चच्या पाळकांची बायको, दुसऱ्या दिवसापासून आशाबाईंसाठीही डबा आणू लागली. उपदेशाचा एक शब्द तिने काढला नाही. गोकुळ गेला. राहिलेला डबा परत द्यायला म्हणून आशाबाई एका रविवारी चर्चमध्ये गेल्या आणि मग जातच राहिल्या.

चर्च म्हणजे रविवारचा दीड तास, असं त्यांना वाटलं होतं. पण तिथे अकरा घरं होती आणि दर बुधवारी एकेका घराची बारी असे. त्या घरी जमायचं, बायबलमधली चार वचनं वाचायची, कोणाचं काय दुखतंय ते ऐकून प्रार्थना करायची आणि त्या घरात जे काम अडलं असेल ते उरकूनच उठायचं. कुठे तूर निवडून दिली, कुठे अंथरुणावरच्या म्हाताऱ्याची नखं कापली. आशाबाई दहाही घरांतल्या मोरीत बसून भांडी घासून आल्या होत्या. त्यांची स्वतःची बारी आली की मात्र वंदना फोन करायची आणि त्या म्हणायच्या, "यावेळी राहू द्या."

सरस्वतीबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "तुले जायाचं तं जाय. पण त्या चर्चवाल्याइनं माह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवाचा नाई." वर टोमणा, "रविवारची वळख ते. सोमवारी कोन इचारते तुले?"

विचारत होते. पण घरात येऊच द्यायचं नाही, तर म्हातारीला ते दिसावं कसं?

बुधवारी आशाबाई शाळेतून आल्या तेव्हा सतरंजी अंथरलेली, पोहे भिजवलेले आणि योगिनी साडी नेसून वैतागलेली. मेहकरच्या स्थळाकडची मंडळी येणार म्हटल्यावर त्याही घाईने कांदा चिरायला बसल्या.

पाच वाजता दाराशी चपला वाजल्या. सगळ्यांत पुढे वंदना, मागे म्हातारे शेषराव, मग आठ-नऊ ओळखीचे चेहरे.

"आई हो म्हणाल्या, मला खरंच वाटेना," वंदना कानात कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते.

आशाबाईंना सगळा घोळ एका क्षणात कळला. गप्प राहिलं, वंदनाला वचनं आज राहू द्या म्हटलं, तर तासाभरात सगळे जातील, म्हातारीला पत्ताही लागणार नाही. सहा वर्षं मनात धरलेला बुधवार तेवढ्यावर निभावला असता.

तोवर सरस्वतीबाईंनी शेषरावांना खुर्चीवर बसवलं होतं. "पोरगं कुठी असते तुमचं?"

"पुन्याले. कंपनीत."

"काऊन आलं नाई मंग?"

"त्याले कुठी सुट्टी? अन् दोन लेकरं हायेत त्याले, त्याइची शाळा."

"दोन लेकरं?" सरस्वतीबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. ट्रे घेऊन उभी योगिनी हसू दाबत पुटपुटली, "आजी, लेकरं तरी दाखवाले आनाची होती."

आशाबाई पुढे झाल्या. "आई, हे स्थळ नाई. हे आमची मंडळी होय. चर्चची. फोन याइचाच होता."

वंदनाचा चेहरा उतरला. शेषराव खुर्चीवरून अर्धे उठले.

सरस्वतीबाईंनी सुनेकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, मग दहा बशांमध्ये वाढलेल्या पोह्यांकडे.

"बसा," त्या म्हणाल्या. "पोहे थंडे होऊन राह्यले."

पोहे खाऊन झाल्यावर वचनं वाचली गेली. शेषरावांनी प्रार्थना केली. योगिनीला चांगलं घर मिळावं म्हणून केली आणि घरधनीणबाईंच्या गुडघ्यांसाठीही. पलंगावर पाठ करून बसलेल्या सरस्वतीबाई तेवढ्यापुरत्या वळल्या. मग वंदना पदर खोचून मोरीत बसली, दोघांनी सतरंजी झटकली, आणि शेषरावांनी चार महिन्यांपासून लोंबणारी दाराची कडी ठोकून दिली.

"पाहाले आलेले लोकं भांडे नाई घासत बाई," सरस्वतीबाई वंदनाला म्हणाल्या. आवाजात राग होता की नवल, आशाबाईंना ठरवता आलं नाही.

सगळे गेले. आशाबाई राहिलेल्या बशा विसळत होत्या. सासूची बोलणी बसणार म्हणून मन तयार करून ठेवलं होतं. तेवढ्यात कुडापलीकडून शेजारच्या पुष्पाबाईंनी विचारलं, "कोनाची मंडळी आलती वो?"

आशाबाईंनी नळ बंद केला.

ठोकून दिलेल्या कडीचा खडखड आवाज झाला. म्हातारी ती ओढून पाहत होती.

"आशाची," सरस्वतीबाई म्हणाल्या. "अकरा बुधवारानं येते म्हन्ते. पुढल्या बारीले भजे करतो."

आशाबाईंनी भिंतीला डोकं टेकलं, आणि देवाला मनातल्या मनात एकच शब्द सांगितला, आभार. मग पुन्हा नळ सोडला.